कार्डात नसलेली ओळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही. ह्यांना सांगितलं असतं बहुतेक, पण तोवर हे राहिले नव्हते. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनात मी इथपर्यंत येते आणि वळून परत जाते. गल्लीच्या तोंडाशी कुत्रं बसलेलं असलं की आपण लांबच्या रस्त्यानं जातो ना, तसं. आज लिहायला बसले आहे. माझं लिहिणं म्हणजे बोलणंच समजा — सातवीपर्यंतची शाळा, पुढचं सगळं माझं मी शिकले. तेव्हा मी इकडं जाईन, तिकडं जाईन. कंटाळू नका. येईन. आज यायचंच आहे.

मी पूर्णेत ब्लाऊज शिवते. तीस वर्षं होऊन गेली. हे रेल्वेत, रुळांच्या कामावर होते. पुढच्या खोलीत माझं मशीन, मधल्या खोलीत आमचा संसार. संदेश माझा एकुलता पोरगा, तो त्या मशीनच्या आवाजातच अभ्यास करून शिकला. बायका कापड घेऊन यायच्या, बसायच्या, बोलायच्या. मला बोलायची हौस, त्यांना ऐकवायची. दिवस चांगले चालले होते.

आधी लग्नाच्या पत्रिका यायच्या त्यात काय नेसून यावं हे कुणी लिहीत नसे. लिहायचं काय त्यात? ज्याचं त्याला ठाऊक असायचं. मग मोबाइलवर कार्डं यायला लागली. पुण्याला, हैदराबादला गेलेल्या पोरांची. त्यात खाली बारीक अक्षरांत इंग्रजीतली एक ओळ — ड्रेस कोड, आणि पुढं एखादा शब्द. बायका मोबाइल घेऊन माझ्याकडं. काकू, हे काय म्हणायलेत बघा बरं. ब्लाऊज शिवणारीला कपड्यातलं कळत असणार, असं त्यांचं गणित. मला तरी कुठं कळत होतं? पण मी "उद्या या, सांगते" म्हणायचे आणि संदेशच्या शब्दकोशात शोधायचे, मोबाइलला विचारायचे, फोटो बघायचे. एक वहीच केली. शब्द लिहायचा, पुढं मला कळेल असा अर्थ लिहायचा. फॉर्मल — साहेबासमोर उभं राहायचं असल्यासारखं. सेमी-फॉर्मल — साहेब ओळखीचा असल्यासारखं. कॅज्युअल — घरातलंच, पण पाहुणे येणार आहेत असं घरातलं. पार्टीवेअर — दिव्याखाली चमकेल ते. स्मार्ट कॅज्युअल मला अजून नीट कळलेलं नाही. जीन्सला इस्त्री, असं धरून चालते. ट्रॅडिशनल — आपलं. ज्याचं त्याचं, आपापल्या घरचं.

हसू नका. त्या वहीचा मला लय अभिमान होता. एका बाईंना भाच्याच्या ‘कॅज्युअल’ लिहिलेल्या जेवणाला पैठणी नेसून जाण्यापासून मी वाचवलं, त्या अजून नाव काढतात. पूर्णेतल्या निम्म्या बायका कार्ड आलं की आधी माझ्याकडं यायच्या, मग कापडाच्या दुकानात. आणि एक सांगते — त्यातल्या एकीलाही मी कधी चुकीचं सांगितलं नाही. माहीत नसलं तर माहीत नाही म्हटलं. परक्या बाईला मी एकदासुद्धा खोटा अर्थ सांगितला नाही. हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता अक्काचं सांगते.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, अक्का सोळाची. तिनंच मला वाढवलं. आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत. अक्काचं लग्न गावातच झालं, नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. खुरपायला जायची, कापूस वेचायला जायची, आणि मला शाळेत पाठवायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरीला घेऊन येत जा की कामावर, दोन हात वाढतील. अक्का म्हणायची, घरात एक तरी वाचणारं पाहिजे. तिला स्वतःला अक्षर येत नाही. पण लिहिलेल्याचा तिला केवढा मान! बोललेलं माणूस फिरवतं, लिव्हलेलं फिरत न्हाई, असं म्हणते. कार्यालयातला कागद असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, ती माझ्या हातात देते आणि माझ्या तोंडाकडं बघत बसते. मी जे वाचलं ते झालं. दुसऱ्या कुणाला परत विचारायचं नाही.

आमचं लग्न ठरलं त्या वर्षी अक्कानं सेलूच्या बाजारातून दोन साड्या आणल्या. दोन्ही पांढऱ्या, बारीक निळ्या काठाच्या. एक माझी, नवरीची. एक तिची. आमच्यात लग्नाला पांढरं नेसतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर सांगते — आमच्या आईवडलांच्या पिढीनं धम्म घेतला, तेव्हापासून मंगल प्रसंगाचा रंग पांढरा. दुसरीकडं पांढरं म्हणजे दुःखाचं. आमच्याकडं पांढरं म्हणजे ताठ मानेचं. अक्का ती साडी पौर्णिमेला नेसायची, लग्नाकार्याला नेसायची, धुऊन नीळ घालून घडी करून ठेवायची. तिची तेवढी एकच चांगली साडी. इतक्या वर्षांत कुठं डाग नाही.

आणि माझी? माझी मी केव्हाच रंगवून घेतली होती. बादलीत हिरवा रंग कालवला आणि बुडवली. का? थांबा. सांगते.

मशीन घेतलं त्याच्या पहिल्याच वर्षी एक बाई कापड टाकायला आल्या. माप देता देता त्यांची नजर भिंतीवरच्या, आम्ही वंदना करतो त्या दोन फोटोंवर गेली. कापड परत पिशवीत घातलं, नंतर येते म्हणाल्या. आल्या नाहीत. बोलल्या काहीच नाहीत — कदाचित त्यांना खरंच घाई असेल. पण मी त्या दिवशी दोन्ही फोटो उतरवले आणि मधल्या खोलीत लावले. हे संध्याकाळी आले, रिकाम्या भिंतीकडं बघितलं, दोन खिळ्यांकडं बघितलं, आणि जेवायला बसले. आमचं आडनाव असं आहे की दोन्हीकडं चालतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग साडी रंगवली. मग पौर्णिमेला विहारात जाताना पिशवीत पांढरी ओढणी न्यायची आणि तिथं गेल्यावर अंगावर घ्यायची, असं सुरू केलं. एकेक असं. मी खोटं बोलत होते का? नाही. तोंडानं नाही. पण अशी तीस वर्षं एका खोलीचं दार लोटून घेऊन जगलं की पुढं ते दार तुम्ही धरलेलं नसतं. त्यानंच तुम्हाला धरलेलं असतं.

हे कारण म्हणून सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगितलं.

संदेशनं लग्न ठरवलं ते त्याच्या बरोबर काम करणाऱ्या मुलीशी. केतकी. परभणीची, दुसऱ्या समाजाची. तिच्या घरच्यांना सगळं माहीत होतं; संदेशनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. माणसं भली निघाली. लग्न पुण्याला नोंदणीनं झालं, चार सह्या आणि पेढे. मग केतकीच्या वडलांनी परभणीत एका लॉनवर दुपारच्या जेवणाचा कार्यक्रम ठेवला, दोन्हीकडच्या लोकांसाठी. मीही हौसेनं माझ्या यादीत पूर्णेतल्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं घातली. वीस-पंचवीस बायका. ज्यांना मी तीस वर्षं काही सांगितलं नव्हतं, त्या सगळ्या.

कार्ड केतकीनं केलं होतं. मोबाइलवर आलं. अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. खाली ओळ होती — ड्रेस कोड, ट्रॅडिशनल. आणि त्याच्याखाली अजून एक ओळ, तिचा अर्थ असा की तुमच्या घरी आनंदाच्या दिवशी जे नेसतात, ते नेसून या.

मी ती ओळ दोनदा वाचली. मला कळली. पूर्णेत ती माझ्याइतकी कुणालाच कळली नसती. म्हणूनच मी मोबाइल फळीवर पालथा ठेवला. कारण आनंदाच्या दिवशी अक्का काय नेसते हे मला ठाऊक होतं. अक्का पांढऱ्या साडीत येणार, लॉनच्या कमानीतून आत शिरणार, आणि दिसेल त्याला मोठ्या आवाजात जयभीम घालणार. तिला हळू बोलता येत नाही. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय. आणि मग म्हणणार — मी शांतीची बहीण.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिच्याकडं साधा बटणांचा फोन आहे, त्यावर कार्ड जात नाही. म्हणाली, "शांते, लोक सांगायलेत, आजकाल काय नेसायचं ते कार्डात लिव्हतेत म्हणून. मपली पांढरी मी नीळ घालून ठिवलीया. पण एकदा बघ बरं कार्डात काय म्हणायलेत."

आता नीट ऐका. मी त्याच मोबाइलवर तिच्याशी बोलत होते. कार्ड त्याच मोबाइलमध्ये. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर कार्ड नव्हतंच. माझ्यासमोर मशीन होतं, आणि मशीनच्या फळीवर खडूच्या रेघा. त्या रेघांकडं बघत मी म्हटलं, थांब हं, वाचते. आणि थोडं थांबले — वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढं. मग इंग्रजीत म्हटलं: डार्क कलर ओन्ली. इंग्रजीत का? कारण मराठीत म्हटलं असतं तर ते माझं बोलणं झालं असतं. इंग्रजीत म्हटलं की ते कार्डाचं झालं. मग अर्थ सांगितला. गडद रंगाचंच नेसायचं. पांढरं चालत नाही.

झालं. हेच ते. हेच सांगायचं होतं.

मला वाटलं आता अक्का विचारेल, कामून? विचारलं असतं तर मी कदाचित — नाही, कदाचित नको. तिनं विचारलं नाही. लिहिलेल्याला कामून विचारत नाहीत. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं विचारलं बाई. न्हाई तर पोराच्या कार्यात तुझी इज्जत गेली असती माझ्यापाई."

माझी इज्जत! तिला माझ्या इज्जतीची काळजी.

मी स्वतःला समजावलं, तुम्ही समजावाल तसंच. केतकीकडच्या म्हाताऱ्या बायकांना मंगल कार्यात पांढरं बघून वाईट वाटेल. अक्का विधवा, त्यात पांढरं, कुणी काही बोललं तर तिलाच लागेल. म्हणजे मी तिच्यासाठीच केलं. असं दोन रात्री घोळवलं. पण खोटं आहे ते. केतकीकडच्या म्हाताऱ्यांचा माझ्या मनात मागमूसही नव्हता. मला माझी वीस-पंचवीस गिऱ्हाइकं दिसत होती. मला मी दिसत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी अक्का सकाळी सेलूहून रेल्वेनं आली. पिशवीत बाजरीचे उंडे आणि एक शाल — नवरीला घालायला, गावच्या बायांनी वर्गणी करून घेतलेली, मरून रंगाची. रंग तिनं दुकानात सांगून घेतला होता. गडद द्या, कार्डात लिव्हलंय. मी तिला माझ्या कपाटातली वाइन रंगाची चमकती साडी नेसवली. अंगावर ठरत नव्हती ती, निसटत होती. पिना लावल्या तरी अक्का दिवसभर निऱ्या मुठीत धरून चालत होती, पाण्यातून चालल्यासारखी. आरशात बघून म्हणाली, "डाळिंब दिसायलेय गं मी सोललेलं." आणि हसली. मीही हसले. हसले मी.

लॉनवर तिला मी मागच्या रांगेत पंख्याजवळ बसवलं. इथं वारा चांगला लागतो म्हटलं. तिथून कमान दिसत नाही, आणि कमानीतून येणाऱ्यांना ती जागा दिसत नाही. हेसुद्धा मीच ठरवलं होतं, दोन दिवस आधी जागा बघायला गेले तेव्हा. बघा — रागाच्या भरात माणूस एक चूक करतं. मी जागा बघून आले होते.

मग केतकी आली.

पांढऱ्या साडीत. निळ्या काठाच्या. संदेशनं तिला माझ्या लग्नातला फोटो दाखवला होता — मी आणि अक्का, दोघी पांढऱ्यात, उन्हानं डोळे बारीक केलेल्या. ते बघून तिनं तशीच साडी शोधून आणली होती, मला न सांगता. मला आनंद व्हावा म्हणून. तिच्याकडच्या म्हाताऱ्या बायका तिच्या पदराला हात लावून बघत होत्या, पोत चांगलं आहे म्हणत होत्या. कुणाच्या कपाळाला आठी नव्हती. माझी गिऱ्हाइकं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. त्यांतल्याच एक, पूर्णेच्या शाळेतल्या मास्तरीणबाई माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "काकू, तुमच्याकडची रीत ठेवली पोरीनं, बरं केलं."

तुमच्याकडची. म्हणजे ठाऊक होतं. मास्तरीणबाईंना ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक असणार, पूर्णा केवढी? तीस वर्षं मी ज्या दाराला पाठ लावून उभी होते, ते लोकांच्या बाजूनं कधीच उघडं होतं.

तेवढ्यात माझा हात कुणीतरी ओढला. अक्का. निऱ्या मुठीत, चेहरा उतरलेला. तिनं लांबून नवरी बघितली होती आणि घाबरून उठून आली होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली — आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हळू बोलताना ऐकलं — "शांते, पोरीला कुणी कार्ड वाचून दाखवलं न्हाई का गं? पांढरं नेसलीया ती."

इथं सांगता आलं असतं. एवढं सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं. नवरी समोर पांढऱ्यात उभी, लोक टाळ्या वाजवतायत — एक वाक्य पुरलं असतं. अक्का, मी खोटं वाचलं. चारच शब्द! मी काय केलं? इकडं तिकडं बघितलं, कुणी ऐकलं का ते.

तोवर अक्कानं स्वतःच ठरवलं. पिशवीतून मरून शाल काढली, घडी मोडली, आणि निऱ्या धरून, धापा टाकत स्टेजच्या पायऱ्या चढली. केतकीच्या खांद्यांवरून तिनं ती शाल घातली. नुसती खांद्यांवर नाही — पुढून ओढून घेतली, नीट गुंडाळली, पांढरं दिसू नये म्हणून पदराची टोकं आत खोचली. आईनं लेकराला थंडीत गुंडाळावं तसं. आणि लोकांकडं पाठ करून, आपल्या अंगाच्या आडोशात तिला धरून उभी राहिली. केतकीला वाटलं आशीर्वाद. ती वाकली, पाया पडली. फोटोवाल्यानं फोटो काढला.

तो फोटो त्यांच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, मावशींच्या चेहऱ्यावर किती माया आहे बघा. आहेच माया. पण मला त्यात भीतीही दिसते. ती कुठून आली ते मला एकटीलाच ठाऊक आहे. त्या भिंतीकडं तोंड करून मी कधी बसत नाही.

खाली उतरल्यावर अक्कानं विचारलं, पोरीला कुणी बोलणार तर न्हाई ना? मी म्हटलं, नाही, नवरीला सूट असते. लागोपाठ दुसरं खोटं. ते किती सहज आलं! पहिल्यापेक्षा कितीतरी सहज.

मला वाटलं, संपलं. चुकीचं झालं, पण झालं ते झालं. तसं नसतं. अक्कानं गावात जाऊन सांगितलं. तिच्या गल्लीतल्या बायांना, खुरपायला बरोबर असणाऱ्यांना — शहरातल्या कार्याला पांढरं चालत नाही, कार्डात लिहिलेलं असतं, माझ्या बहिणीनं वाचलंय, तिला सगळी इंग्रजी येते. पुढच्या वर्षी परभणीत आमच्याच नात्यातलं एक लग्न होतं. अक्काच्या गल्लीतल्या बाया आल्या, दहा-बाराजणी. सगळ्या जांभळ्या, तपकिरी, मरून. उसन्या साड्या, निऱ्या मुठीत. बाकी मंडप पांढराशुभ्र. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुमी सांगितलं म्हणून बरं, मावशे, ह्या बाकीच्यांना कुणी कार्ड वाचून दाखवलेलं दिसत न्हाई. मी त्यांच्या पंगतीला जेवायला बसले. सगळं ताट संपवलं.

आणि आता जे सांगणार आहे ते मी आत्तापर्यंत चुकवत आले.

नात झाली तेव्हा अक्का भेटायला पूर्णेला आली. पिशवीतून एक घडी काढली. ती साडी. पांढरी, निळ्या काठाची, नीळ घातलेली. म्हणाली, "हिची नातीला झबली शीव. जुनं कापड लेकराच्या अंगाला मऊ लागतंय. मला आता कुठं नेसायची हाय?" पौर्णिमेला नेस की, मी म्हटलं. तर म्हणाली, एकदा न्हाई म्हणलेलं कापड नेसताना जीव खालीवर होतो. कुणी बघतंय की काय वाटतं. विहारातसुद्धा वाटतं.

विहारातसुद्धा.

कात्री फळीवर होती. सांगायचं तर आत्ताच, एकदा कापड कापलं की ते साडी राहत नाही, हे ज्या बाईनं तीस वर्षं कापड कापलं तिला कुणी सांगावं लागतं का? मी साडी पसरली. बाराहाती साडी फळीवर मावत नाही, दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. अक्कानं धरलं. माझ्याकडं बघून हसली, म्हणाली, सरळ काप गं, काठ वाया घालवू नको. आणि मी कापली. सरळ कापली. हात जराही हलला नाही — हात चांगला आहे माझा. त्या साडीची सहा झबली झाली आणि चार टोपडी; कुठल्या कापडाची ते केतकीला मी सांगितलं नाही. काठाची एक पट्टी उरली, ती मी वहीत ठेवली आहे. ट्रॅडिशनल लिहिलेल्या पानात.

नात आता शाळेत जायला लागली. झबली केव्हाच विरली.

परवा केतकीचं कार्ड आलं. संदेश आणि तिनं परभणीत घर बांधलं आहे, प्रवेशाच्या दिवशी वंदना ठेवली आहे. या वेळी छापील कार्ड, हातात धरायचं. इंग्रजीतच, तिची सवय. ड्रेस कोड — व्हाइट. मला फोन करून म्हणाली, आई, तुमच्या लग्नातल्या त्या फोटोसारखं सगळ्यांनी दिसायला पाहिजे. मावशींची ती साडी अजून आहे ना?

मी म्हटलं, बघते.

आज सकाळी अक्काचा फोन आला. कार्ड माझ्या हातात होतं. चष्मा डोळ्यांवर होता. तिनं नेहमीसारखं विचारलं, काय लिव्हलंय गं? मी कार्डाकडं बघून, जे होतं ते वाचलं. आधी इंग्रजीत, मग अर्थ. सगळ्यांनी पांढरं नेसून यायचं.

अक्का हसली.

"चष्मा लाव शांते," ती म्हणाली. "पांढरं कसं म्हणतील कार्डात? तू नीट वाच एकदा. घाईत चुकीचं सांगशील अन् पोरीच्या घरी इज्जत जाईल आपली." आणि म्हणाली, तोवर मी आपली तू दिलेली ती डाळिंबी धुऊन ठेवते.

मी म्हटलं, बरं अक्का. परत वाचते.